कर्टिसच्या इस्टेटीसाठी वकील पाहिजे

सोमवार, ४ मार्च. सकाळी ७:१०
ही वही बर्नीसने आणून दिली. बर्नीस माझी धाकटी बहीण. म्हणाली, "लेन, तू कुणाशी बोलत नाहीस. निदान लिही तरी." मी म्हटलं, लिहितो. मला काय जड आहे? एव्हलेथच्या आइस हॉकी रिंकवर बर्फ सपाट करायचं मशीन चालवलं, अठ्ठावीस वर्षं रोज नोंद ठेवली. तारीख, वेळ, बर्फाची जाडी, सही. एक दिवस चुकला नाही.

तर नोंद. माझा मुलगा कर्टिस ९ फेब्रुवारीला गेला. वय छत्तीस. शिफ्ट संपवून पार्किंग लॉटमध्ये ट्रककडे चालला होता, डोक्यातली शीर फुटली. अंत्यसंस्कार १५ तारखेला झाले, आपल्याच चर्चमध्ये. सगळी व्यवस्था मी केली. सगळे म्हणाले, लेन, व्यवस्था चोख होती.

आता इस्टेट. डुलुथमधलं घर, एक ट्रक, एक अ‍ॅल्युमिनियमची होडी. मृत्युपत्र नाही, त्याचं वय नव्हतं ते करायचं. त्याची आई कॅरल तो कॉलेजात असतानाच गेली. बायको-मुलं नाहीत. म्हणजे वारस मी एकटा. प्रोबेटचं, म्हणजे कोर्टातून वारसा लावून घ्यायचं काम करणारा चांगला वकील गाठायचा आणि पंधरा दिवसांत सगळं मार्गी लावायचं. मनाला लावून घेणं वगैरे नंतर. कामं उरकली की त्यासाठी वेळच वेळ आहे.

घरात एक रूममेट राहतो, थिओ वाइनिओ. त्याला जागा सोडायला सांगावं लागेल. एप्रिलअखेरपर्यंत मुदत देईन. मी काही दगड नाही.

मंगळवार, ५ मार्च
ऑस्बी वकिलाला फोन केला. आमच्या घराचे कागद त्यानेच केले होते, कॅरलच्या वेळचेही. त्याच्या नंबरवर एका बाईने फोन उचलला. कुत्र्यांचे केस कापायचं दुकान. म्हणाली, "कुत्रा मोठा आहे की लहान?"

बर्नीसला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, ऑस्बी जाऊन सहा वर्षं झाली. आपण दोघं गेलो होतो की त्याच्या अंत्यविधीला. तू तीन हॅम सँडविचेस खाल्लीस."

सँडविचेस आठवतात. माणूस कोण गेला होता ते डोक्यातून निसटलं. होतं असं.

गुरुवार, ७ मार्च. दुपारी
हायवेवर ज्याचा मोठा फोटो लावलाय त्या वकिलाकडे गेलो. पहिला अर्धा तास फुकट. फोटोत केस जास्त आहेत.

मी त्याला कर्टिसची पार्श्वभूमी दिली. इस्टेट कुणाची ते कळल्याशिवाय वकील काम काय करणार? कर्टिस गोलकीपर होता. २००४ साली, सोळाचा असताना, हिबिंगच्या पोरांविरुद्ध त्याने एकेचाळीस शॉट अडवले. त्या दिवशी रिंकवरचा बर्फ मी तयार केला होता. पुढे गुडघ्यामुळे सोडावं लागलं, नाहीतर कुठल्या कुठे गेला असता. हे सगळं सांगण्यात सव्वीस मिनिटं गेली. उरलेल्या चार मिनिटांत त्याने तीन प्रश्न विचारले. घराचा पत्ता? मी म्हटलं, पिवळं घर आहे, टेकडीवर, समोर चढ. तो म्हणाला, नंबर? नंबर कोण लक्षात ठेवतो? एकदाच गेलोय मी तिथे, घर घेतलं तेव्हा. ती सुद्धा घाईची भेट. मग म्हणाला, नोकरी कुठे? मी म्हटलं, खाणीत, इलेक्ट्रिशियन. म्हणाला, मग खाणीच्या ऑफिसातून त्याचे कागद आणा. पेन्शन असेल, विमा असेल.

एवढा मुद्दा बरा होता. पण माणूस नापसंत. बुटांना पॉलिश नव्हतं.

सोमवार, ११ मार्च. सकाळी ९:३०
खाणीच्या ऑफिसला फोन केला. मुलगी म्हणाली, "कर्टिस कोबाल पाच वर्षांपूर्वीच सोडून गेलेत." मी म्हटलं, नीट बघा. तिने नीट बघितलं. मी म्हटलं, तुमचा कॉम्प्युटर चुकला असेल. ती म्हणाली, "सर, मी त्याच्याबरोबर काम केलंय. आम्ही केक कापला होता तो गेला तेव्हा."

सकाळी ९:५०
खाणीत नव्हता, तर मग पार्किंग लॉट कुठला? मी कुणाला विचारलंच नव्हतं कुठला पार्किंग लॉट.

सकाळी १०:१५
थिओला फोन केला. बातमी त्यानेच दिली होती, म्हणून नंबर होता. विचारलं, कागदांसाठी हवंय, कर्टिसचं हल्लीचं ऑफिस कुठलं ते. तो म्हणाला, "मिस्टर कोबाल, तो नर्स होता. तळ्याकाठच्या वृद्धाश्रमात. चार वर्षं झाली. मला वाटलं त्याने तुम्हाला सांगितलं असेल."

मी म्हटलं, सांगितलं होतं, सांगितलं होतं. फक्त खात्री करून घेत होतो.

मंगळवार, १२ मार्च
नर्स म्हणजे चांगलं काम. मला काहीच म्हणायचं नाही. त्याने सांगितलंही असेल, फोन नीट लागत नाही या भागात.

एक गोष्ट लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल. चर्चमध्ये भाषण मी केलं होतं. पंधरा मिनिटं. त्यातली दहा तरी खाणीबद्दल. आजोबांनंतर पुन्हा एक कोबाल खाणीत, हेल्मेट, हायव्होल्टेज, वगैरे. शेवटच्या बाकांवर सात-आठ बायका बसल्या होत्या, कोटाखाली सगळ्यांचे निळे कपडे सारखे. हमसून हमसून रडत होत्या. मला वाटलं, चर्चच्या स्वयंपाकघरातल्या असतील.

त्यांच्यापैकी कुणीही मला थांबवलं नाही. शेवटी एकेक करून येऊन माझा हात हातात घेऊन गेल्या. एक म्हणाली, "आमच्या आजीबाया त्याचीच वाट बघत बसायच्या." मी म्हटलं, थँक यू, मागे कॉफी आहे.

शुक्रवार, १५ मार्च
वकील मिळाली! डुलुथमध्ये, अ‍ॅनिका लुंड. बर्नीसने नाव दिलं. खरं तर नाही म्हणायलाच गेलो होतो. वय पस्तिशीच्या आतलं, आणि प्रोबेटला पिकलेला माणूस लागतो. पण तिने कॉफी चांगली दिली आणि मधे मधे घड्याळ बघितलं नाही. मी ४१ शॉट सांगितले तर तिने कागदावर खरंच लिहून घेतलं, ४१.

म्हणाली, "मिस्टर कोबाल, झालं ते फार वाईट झालं. आपण सावकाश जाऊ." मी म्हटलं, सावकाश नको, एप्रिलअखेर रूममेटला काढायचंय. तिने विचारलं, रूममेट किती वर्षं राहतोय? मी म्हटलं, पहिल्यापासून. भाडं? ठाऊक नाही. करार? दिसत नाही. तिने पेन खाली ठेवलं. चार पानी फॉर्म दिला. मृत व्यक्तीची माहिती. घरी बसून भरा म्हणाली.

सोपा फॉर्म आहे. बापापेक्षा जास्त कोण सांगणार? रविवारी अर्ध्या तासात होईल.

रविवार, १७ मार्च. सकाळी १०
फॉर्म घेतला. काळं पेन. सुरुवात झकास. पूर्ण नाव: कर्टिस लेनर्ड कोबाल. जन्मतारीख: १४ नोव्हेंबर १९८७. हे झोपेतून उठवलं तरी सांगेन. बर्फाचं वादळ होतं, कॅरलला तिच्या बहिणीने हॉस्पिटलात नेलं. मला दोन तास उशीर झाला कारण रिंकवर मॅच होती. तो आधीच झोपलेला मिळाला.

सकाळी ११:४०
डॉक्टर: विचारणे. बँक: विचारणे. मालक: वृद्धाश्रम, नाव विचारणे. शिक्षण: इथे मी आधी लिहिलं ते खोडलं. नर्सिंग कधी शिकला? कुठे? दोन वर्षं तरी लागली असतील. दोन वर्षं माणूस परीक्षा देत असणार.

विवाहित/अविवाहित: अविवाहित. हे पक्कं.

मृत व्यक्तीशी शेवटचं बोलणं कधी झालं, हा प्रश्न फॉर्मात नाही. तरी फोनमध्ये बघून घेतलं. नाताळ. चार मिनिटं. ट्रकच्या टायरबद्दल बोललो. चांगलं मोकळं बोलणं झालं. आमचं तसंच होतं, बापलेकापेक्षा दोस्तासारखं. उगाच रोज फोन करायचा बायकीपणा नव्हता.

दुपारी २
चार पानांत अकरा ओळी भरल्या. बाकीच्या जागी "थिओला विचारणे". मजेशीर दिसतं. पानभर त्याचंच नाव.

बुधवार, २० मार्च
डुलुथला जाऊन आलो. थिओने दार उघडलं. उंच, सडपातळ माणूस, चाळिशीला टेकलेला, शाळेत लाकूडकाम शिकवतो. आणखी वाळलाय. अंगात स्वेटर होता तो त्याला मोठा होत होता. आत या म्हणाला. मी म्हटलं, बूट ओले आहेत, इथेच बरा. पायरीवर उभ्यानेच सांगितलं: वकील केलाय, काम सुरू आहे, तू एप्रिलअखेरपर्यंत सोय बघ, घाई नाही.

तो मग म्हणाला, "मिस्टर कोबाल, मी भाडेकरू नाही."

मी म्हटलं, तेच तर म्हणतोय, करारच नाही.

म्हणाला, "मला ते म्हणायचं नाहीये. तुम्ही पाच मिनिटं आत येऊन बसा. प्लीज. मी हे दारात सांगू शकत नाही."

मी आकाशाकडे बघितलं, तळ्याकडून ढग येत होते. म्हटलं, रस्ते निसरडे होतील, निघतो. मग तो अगदी हळू म्हणाला, "बरं. तुमच्या वकिलाचा पत्ता द्या. कागद मी त्यांच्याकडे पाठवतो." कार्ड दिलं. फॉर्मबद्दल विचारायचं राहून गेलं.

घरी पोचेपर्यंत एक ढग आला नाही.

शुक्रवार, २२ मार्च
शुक्रवारच्या कॉफीला रिंकवरची जुनी मंडळी असतात. मी सांगितलं, थिओ सहकार्य करतोय, स्वतःहून कागद पाठवणार म्हणाला, महिनाभरात बाहेर. टेबलावर सगळे कॉफी ढवळायला लागले. रे झुपान म्हणजे सतत बडबडणारा माणूस, त्यानेही कपात बघितलं. मग म्हणाला, "यंदा तळ्यावरचा बर्फ लवकर सुटेल, नाही का लेन?" आणि सगळे एकदम बर्फावर बोलायला लागले.

लोकांना अजून माझ्यासमोर काय बोलावं कळत नाही. समजू शकतो.

मंगळवार, २६ मार्च
लुंडबाईंचा फोन. कागद आले. उद्या या म्हणाल्या. मी म्हटलं, फोनवरच सांगा. म्हणाल्या, "नको. तुम्ही या. कुणाला तरी बरोबर घेऊन आलात तर बरं." मी म्हटलं, मला सोबत कशाला लागते?

काम संपत आलंय असं दिसतं. उद्या परत येताना वाटेत स्टेक खायचा.

बुधवार, २७ मार्च
नोंद जशी झाली तशी लिहितो.

लुंडबाईंनी एक कागद माझ्यासमोर ठेवला. सेंट लुइस काउंटीचा. विवाहाचा दाखला. १८ जून २०२१. कर्टिस लेनर्ड कोबाल आणि थिओडोर जॉन वाइनिओ.

मी चष्मा पुसला. मग परत पुसला. मी म्हटलं, यात चूक असेल. त्या म्हणाल्या, "मी कोर्टहाउसमध्ये तपासून घेतलं, मिस्टर कोबाल. चूक नाही."

मग त्यांनी सावकाश सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं नाही, मोठ्या माणसाला सांगतात तसं. घर दोघांच्या नावावर आहे, ते आपोआप थिओचं झालं. उरला ट्रक आणि होडी. एवढ्याशा इस्टेटीला प्रोबेटच लागत नाही, एक प्रतिज्ञापत्र पुरतं. आणि ते करायचा अधिकार नवऱ्याचा.

मी म्हटलं, मग माझं काम काय?

त्या म्हणाल्या, "कायद्याने तुमचं काही काम उरत नाही."

मी म्हटलं, पण अंत्यसंस्कार मी केले. सगळी व्यवस्था माझी होती.

त्यांनी मग दुसरा कागद काढला, अंत्यसंस्कार करणाऱ्यांचा. थिओने पाठवलेल्या कागदांत तोही आला होता, चुकून असेल. म्हणाल्या, "तो अधिकारही त्यांचाच होता. त्यांनी इथे सही करून लिहून दिलंय." मी वाचलं. थिओचं अक्षर, शाळामास्तरांसारखं सुवाच्य. "कर्टिसच्या वडिलांना जसं हवं तसं होऊ द्यावं. मला विचारायची गरज नाही."

चर्चमध्ये त्याला पाचव्या बाकावर बसायला मीच सांगितलं होतं. पहिले चार घरच्यांसाठी, म्हटलं होतं. तो "हो" म्हणून गेला होता.

दाखल्यावर खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. एक कुणीतरी शिक्षिका. दुसरी, बर्नीस कोबाल माकी.

स्टेक नाही खाल्ला.

गुरुवार, २८ मार्च
काही नाही.

शुक्रवार, २९ मार्च. गुड फ्रायडे
बर्नीस आली. ईस्टरची पोटिका घेऊन, म्हणजे अक्रोड भरलेला गोड पाव, आईच्या हातचा असायचा तसा. मी म्हटलं, तू साक्षीदार.

ती कोट न काढताच बसली. म्हणाली, "हो."

"मला सांगितलं नाहीस."

"ते सांगणं माझं नव्हतं, लेन. त्याचं होतं. त्याने मला शपथ घातली होती, मी बाबांना स्वतः सांगेन म्हणून."

"आणि गावात आणखी कुणाकुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना. तुला सोडून सगळ्यांना. आणि खरं सांगू का, तुलाही माहीत नव्हतं असं मला कधी वाटलं नाही."

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. ती उठली नाही. मी थकल्यावर म्हणाली, "तो तीनदा आला होता तुला सांगायला. दरवेळी परत जाताना माझ्याकडे थांबायचा. ओट्यापाशी उभा राहून हसायचा. म्हणायचा, आत्या, आज पण नाही जमलं."

पहिल्या दोन वेळचं मला आठवत नाही, असं मी म्हणालो. तिसरं आठवतं. तेही इथे लिहितो, कारण ही वही मलाच वाचायची आहे आणि मला वाचायचीही नाही.

जानेवारी २०२१. गोठलेल्या तळ्यावर माझी मासेमारीची खोपी. आम्ही दोघं, बर्फाला पाडलेली दोन भोकं, थर्मास. त्याने गळाची काठी खाली ठेवली. म्हणाला, "बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय. बऱ्याच दिवसांपासून सांगायचंय." त्याचा आवाज लहानपणी मॅचच्या आधी व्हायचा तसा झाला होता. मी म्हटलं, थांब थांब, मासा लागलाय. आणि दोरी ओढत बसलो. चांगली पाच मिनिटं. मग रेडिओ मोठा केला. मग तो म्हणाला, "जाऊ दे, नंतर." मी म्हटलं, हां, नंतर.

मासा लागला नव्हता.

रविवार, ३१ मार्च. ईस्टर
चर्चला गेलो नाही. पोटिका तशीच आहे.

आता मी विचार करतोय की त्या दिवशी तो काय सांगणार होता ते मला नक्की माहीत नव्हतं. दुसरंही काही असू शकलं असतं. नोकरीचं. ट्रकचं.

संध्याकाळी ५
ट्रकचं नव्हतं.

मंगळवार, २ एप्रिल
माणसाने वास्तव स्वीकारून पुढचं नियोजन करावं. ठरवलंय ते असं. थिओला पत्र लिहायचं. माफी, सविस्तर. मग स्वतः जायचं.

पत्र सुरू केलं. "प्रिय थिओ, तू माझ्या मुलाचा". पुढचा शब्द लिहिला, फाडलं. परत लिहिलं. मग वाटलं पेन बरोबर नाही. चार पानं गेली. पाचव्यावर तो शब्द लिहिला आणि ठेवला टेबलावर, सवय व्हावी म्हणून. नवरा. कॉफी करताना बघतो, येताजाता बघतो. छतबित काही कोसळलं नाही. एवढंच होतं तर.

एवढंच होतं.

सोमवार, ८ एप्रिल
पत्र रद्द. समोरासमोर बोलणं माझ्या स्वभावाला जास्त जमतं. शनिवारी जातो. भाषण पाठ केलंय, सहा मिनिटांचं. पहिल्यांदा माफी, मग अंत्यसंस्काराची गोष्ट, पाचवा बाक, मग पुढचं. पुढचं म्हणजे, तू आता घरचाच. थँक्सगिव्हिंगला ये, मासेमारीला ये. त्याचं मन मोकळं होईल, बहुतेक रडेल. मी खांद्यावर हात ठेवीन. मग तो मला कर्टिसबद्दल सांगेल, सगळं, पहिल्यापासून. फॉर्मच्या राहिलेल्या जागा भरून निघतील. मला मिस्टर कोबाल म्हणू नकोस, लेन म्हण, असं मी शेवटी सांगणार आहे. हे वाक्य चांगलं जमलंय.

बर्नीसला सांगितलं. ती म्हणाली, "लेन, भाषण करू नकोस. फक्त आत जाऊन बस."

तिला माझ्या बोलण्याची कल्पना नाही.

शनिवार, १३ एप्रिल. दुपारी ४
जाऊन आलो.

थिओने दार उघडलं. मी म्हटलं, रस्ता चांगला होता. तो म्हणाला, "हो, सुकलाय आता." एवढं झाल्यावर भाषणातला पहिला शब्द आठवेना. तसाच उभा राहिलो. त्याने दार आणखी उघडलं. मी आत गेलो. घर घेतलं तेव्हा दारातूनच परतलो होतो, त्यामुळे आत पहिल्यांदाच.

भिंतीला पुस्तकं. खिडकीत कुंड्या, खूप, सगळ्यांना पाणी घातलेलं. एक टेबल, थिओने स्वतः केलेलं, आणि दोन खुर्च्या. हॉकीचं काही नव्हतं. ना काठी, ना फोटो. मी शोधत होतो ते त्याच्या लक्षात आलं. म्हणाला, "त्याला हॉकी आवडायची नाही, मिस्टर कोबाल. गुडघा ठीक होता त्याचा."

मी म्हटलं, हो का.

"पण ते एकेचाळीस शॉट त्यालाही आठवायचे. म्हणायचा, मॅच संपल्यावर बाबा बर्फाच्या मशीनवरून खाली उतरले होते. खाली उतरून रिंकच्या काचेपाशी आले होते. तेवढ्यासाठी आणखी एक वर्ष खेळलो."

मी काचेपाशी गेलो होतो हे मला आठवत नाही. आठवलं असतं तर बरं झालं असतं.

त्याने कॉफी केली. म्हणाला, "त्याचं काही तुम्हाला हवं असेल तर घेऊन जा. काहीही. खरंच." मी उठलो, सगळ्या घरातून फिरलो. एकेका वस्तूपाशी थांबलो. कुठलीच वस्तू ओळखू येईना. लोकांच्या घरात आल्यासारखं, आणि मालक बाहेर गेलाय. शेवटी ओट्यावर एक मोठा निळा मग दिसला. कान जरासा उडालेला, हात बसावा असा. कर्टिसचा हात मोठा होता. मला एकदम खात्री पटली. मी तो उचलला, छातीशी धरला, म्हटलं, हा. मला हा दे. हा त्याचाच आहे, बघताक्षणी कळलं.

थिओने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "घ्या ना. घेऊन जा."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. म्हटलं, त्याचा नाही का?

"माझा आहे," तो म्हणाला. "पण घ्या तुम्ही."

मी परत जागेवर ठेवला. ठेवताना आवाज झाला. दोघंही खुर्च्यांवर बसलो. बराच वेळ बसलो. त्याने माझ्यासमोर पोटिकेची बशी सरकवली, मीच बर्नीसकडून ताजी करून नेलेली.

निघताना मी विचारलं, तो माझ्यावर चिडला होता का? एवढं एकच विचारायचं धाडस झालं.

थिओ म्हणाला, "नाही. मी चिडायचो. तो मला गप्प करायचा. रविवारी सकाळी दहा-अकराच्या सुमाराला तो फोन टेबलावर समोर ठेवायचा, तुम्ही कराल म्हणून. मी म्हणायचो, तू कर. कधी कधी करायचा. बहुतेक वेळा नाही. म्हणायचा, नको, बाबा कामात असतील."

मला निवृत्त होऊन नऊ वर्षं झालीत.

मी त्याला लेन म्हण असं सांगायला विसरलो. गाडीपाशी आठवलं, वळून बघितलं, तोपर्यंत दार लागलं होतं.

रविवार, १४ एप्रिल. सकाळी १०:०५
थिओला फोन केला. वाजून वाजून बंद झाला.

सकाळी १०:३०
परत केला. उचलला नाही. कामात असेल.